अंतर, वेळ आणि बेटांवरील हवाई सेवा
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



अंतर, वेग आणि वेळ यांचे गणित आपण शाळेत शिकलो आहोत. आज त्याच गणिताच्या आधारे विकासाच्या एका प्रश्नाचा विचार करू या.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या बेटांवरील विमानतळांमध्ये अवघे २.७ किलोमीटर अंतर आहे. १९६७ मध्ये सुरू झालेली येथील सेवा जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानसेवा म्हणून ओळखली जाते. वेळापत्रकानुसार या प्रवासास २ मिनिटे लागतात. एकदा तर तो ५३ सेकंदांत पूर्ण झाला होता.

आता हिशेब करा. २ मिनिटांत २.७ किलोमीटर म्हणजे ताशी ८१ किलोमीटर. प्रत्यक्षात तेथील आयलंडर हे छोटे विमान ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने उडू शकते. मग हा फरक कशामुळे? धावपट्टीवर धावणे, वर चढणे, वळणे आणि उतरणे यांस लागणारा वेळ अंतर घटले तरी फारसा घटत नाही. लांबच्या प्रवासात तो जाणवत नाही. जवळच्या प्रवासात तोच प्रमुख ठरतो.

खर्चाचेही तसेच आहे. धावपट्टीची देखभाल, अग्निशमन व्यवस्था आणि वैमानिक यांवरील खर्च आठ-नऊ आसनांच्या विमानासाठीही करावाच लागतो. तो केवळ तिकिटांतून भरून निघत नाही. म्हणूनच ऑर्कनीतील अशा सेवांना सार्वजनिक सेवेचे बंधन मानून शासकीय निधीतून साहाय्य दिले जाते. रुग्ण, शिक्षक व विद्यार्थी यांची ये-जा त्यावर अवलंबून असते.

आपल्या देशातही बेटांवरील दळणवळणाचा हा प्रश्न आहे. लक्षद्वीपमधील अगत्ती येथील विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला. कोचीहून तेथील सुमारे ४६० किलोमीटरचे अंतर विमानाने साधारण दीड तासात कापले जाते. जहाजाने कोचीहून लक्षद्वीपला जाण्यास बेटानुसार १४ ते २० तास लागतात. परंतु अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरचीच असल्याने मोठी जेट विमाने तेथे उतरू शकत नाहीत. राजधानी कवरत्ती येथे धावपट्टी नाही. अगत्तीहून पुढे हेलिकॉप्टरने किंवा बोटीने जावे लागते. पावसाळ्यात समुद्र खवळला की हा शेवटचा टप्पाच सर्वांत कठीण होतो. तातडीच्या उपचारांसाठी निघालेल्या रुग्णाच्या दृष्टीने प्रवासाचा वेळ विमानाच्या उड्डाणापासून नव्हे, तर घराच्या उंबरठ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत मोजावा लागतो.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'उडान' योजनेत तोट्यातील प्रादेशिक मार्गांसाठी व्यवहार्यता तफावत निधीची तरतूद करण्यात आली, ती याच विचाराने. थोड्या प्रवाशांसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अशा साहाय्याचा नियमित आढावा घेतला पाहिजे. मात्र प्रवासीसंख्या हा एकच निकष लावल्यास लहान बेटे कायमच मागे राहतील.

मित्रहो, परीक्षेत अंतराचा आकडा अचूक लिहाच. पण त्यानंतर एक प्रश्न स्वतःला विचारा : या अंतराच्या पलीकडे कोण वाट पाहत आहे? प्रशासनाचे काम या प्रश्नापासूनच सुरू होते.