पूर्वकिनाऱ्यावरील सायकलप्रवास
(वार्षिक संमेलनातील भाषण)



१९८८ च्या नाताळच्या सुटीत आम्ही आठ शिक्षकमित्रांनी पुदुच्चेरीपासून नागपट्टणमपर्यंत सायकलप्रवास केला. वाटेत तरंगंबाडीचा डॅनिश लोकांचा जुना किल्ला पाहिला. नागपट्टणमच्या कोळीवाड्यात मुक्काम झाला. परस्परांची भाषा कळत नव्हती; तरी एका वृद्ध मातेने आम्हांस स्वहस्ते भात वाढला.

तोच किनारा २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने उद्ध्वस्त केला. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. त्या माउलीचे काय झाले, हे आम्हांस कधीच कळले नाही.

सुमात्राजवळील भूकंपानंतर लाटा तेथे पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. परंतु हिंदी महासागरासाठी पूर्वसूचनेची यंत्रणाच नव्हती. भारताचे असे केंद्र हैदराबादेस २००७ साली सुरू झाले. उलट, त्याच दिवशी थायलंडमधील फुकेत येथे दहा वर्षांच्या एका इंग्रज मुलीने शाळेत शिकलेला भूगोल स्मरून समुद्राची विपरीत लक्षणे ओळखली, आणि तेथील किनारा वेळीच रिकामा झाला. शिक्षकाच्या श्रमाचे याहून मोठे सार्थक ते कोणते?

आपला पश्चिम किनाराही सर्वस्वी निर्भय नाही. १९४५ साली मकरानच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. म्हणून मुलांना एवढे अवश्य शिकवावे: किनाऱ्यावर जमीन जोराने हादरली वा पाणी अकस्मात मागे हटले, तर शिंपले वेचीत थांबू नये, तत्काळ उंच जागी जावे. पहिली लाट ओसरली म्हणून लगेच परतू नये. पुढची अधिक मोठी असू शकते.