शहाळं नको, पण तुम्ही या

(महिला मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)

माईकसमोर बोलायची मला सवय नाही. पण ह्यांच्या किडनीच्या दुखण्यात तुम्ही प्रेमानं आणलेली शहाळी मी परत पाठवली, त्याचा खुलासा एकदा करावा म्हणून उभी राहिले.

शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर. धडधाकट किडनी जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकून देते. ह्यांची टाकू शकत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. केळी, मोसंबी, टोमॅटोचं सार, खजूर, सगळी त्यातलीच. सफरचंदाची किंवा अननसाची फोड ह्यांना चालते, तीही बेतानं.

दुसऱ्यांना काय सांगू, मोठी चूक माझ्याच हातून झाली. मीठ कमी करा म्हणाले, म्हणून मी हौसेनं ‘कमी सोडियमचं’ मीठ आणलं. महिन्यानं रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.२! पाचाच्या आसपास थांबायला हवं होतं. दोन दिवस हॉस्पिटलात काढले. डॉक्टरांनी विचारलं, “घरात मीठ कुठलं?” पुड्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं, पोटॅशियम क्लोराइड. आता साधंच मीठ, दिवसाला चमच्याच्या आत, मोजून. पापड-लोणचं बंद.

बटाटा, पालेभाजी मी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी चक्क ओतून देते. त्यानं पोटॅशियम बरंच उतरतं. भाजीचं पाणी टाकलं की सत्त्व जातं, असं सासूबाई सांगायच्या. पहिल्यांदा ओतताना हात थरथरला हो!

आणि कृपा करून आमच्या फ्रिजवरच्या कागदाचा फोटो काढून नेऊ नका. आधी ह्यांना डाळ, अंडी मोजून होती. गेल्या वर्षी डायलिसिस सुरू झालं, त्यात प्रथिनं वाहून जातात, म्हणून आता तेच डॉक्टर जास्त खा म्हणतात. पाणी मात्र मापानंच. एकाच माणसाचा कागद असा उलटा होतो, मग तो तुमच्या घरी कसा चालेल? आपापला रिपोर्ट घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा.

शहाळी परत गेल्यापासून काही जणांचं येणंच कमी झालं. ह्यांना ते फार लागतं, बोलत नाहीत एवढंच. सोमवार-गुरुवार डायलिसिस असतं. बाकीच्या दिवशी पाचनंतर हे कॅरम मांडून बसलेले असतात.