रात्रीचा सौदा
(मंडळाच्या नांदेड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



उभा जन्म खडू-फळ्यात घालविलेल्या शिक्षकाने शेअरबाजारावर बोलावे, ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ह्या बाजाराने आम्हांस जो धडा दिला तो सांगावा, अशी चिटणिसांची आज्ञा झाली.

आमचे बालपण लातुरास, सोळा रस्ते मिळतात त्या गंजगोलाईच्या आसपास गेले. वडील अडतीवर मुनीम होते. तूर असो की करडई, सौदा व्हावयाचा तो उजेडी. खरेदीदार मूठभर माल तळहातावर घेऊन पाहत. दिवेलागणीनंतर कोणी भाव विचारला, तर वडील "उद्या या" एवढेच म्हणत.

आज आमचे तरुण रात्री अकरा वाजता "शेअर घेतला" म्हणून सांगतात. वस्तुतः घेतलेले काहीच नसते. शेअरबाजाराचे नित्याचे व्यवहार सकाळी ९-१५ ते दुपारी ३-३० एवढेच चालतात. रात्रीची मागणी म्हणजे दलालाच्या यंत्रात ठेवलेली चिठ्ठी. ती सकाळी बाजाराकडे जाते. ९ ते ९-१५ ह्या पूर्वसत्रात (हे २०१० साली सुरू झाले) सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून, ज्या भावाने अधिकात अधिक माल हातोहात जाईल तो उघडण्याचा भाव ठरतो. सोन्याचांदीचे वायदे मात्र रात्री साडेअकरापर्यंत खरोखरच चालतात, आणि अमेरिकेचा बाजार तर आपल्याकडे सायंकाळी उघडतो. तरुणांचा घोटाळा होतो तो येथेच.

तरुणांचे कशाला, आमचाच झाला. दिवंगत पत्नीच्या नावे मंडळाच्या विद्यार्थी निधीस ५०,००० रुपये देण्याचे आम्ही जाहीर केले होते. तोवर ते थोडे वाढवावे, असा मोह पडला. एका कंपनीचा नफा वाढल्याची वार्ता रात्री नऊला ऐकली. भाव ४१२ दिसत होता. नातवाकडून १०० शेअरांची मागणी नोंदविली, आणि किमतीच्या रकान्यात आकडा न घालता "बाजारभाव" हा शब्द निवडला. सकाळी शेअर हाती आले ते ४५१ ने. दलालाने फसविले म्हणून आम्ही दूरध्वनीवर पुष्कळ आरडाओरडा केला. पुढे अटी वाचल्या तेव्हा कळले, की चूक सर्वस्वी आमची होती. जी वार्ता आम्ही रात्री ऐकली, ती साऱ्या देशाने ऐकली होती; ४१२ हा भाव दुपारीच संपला होता. महिन्याने ३९८ ने विकून मोकळे झालो. तूट ५,३०० रुपयांची.

ती निवृत्तिवेतनातून भरून काढण्यास तीन महिने लागले. तेवढ्यात वसतिगृहाचे शुल्क भरण्याची मुदत टळली, आणि ज्या मुलीस ती रक्कम मिळावयाची तिच्या वडिलांस उसनवारी करावी लागली. ते आज ह्या सभेत आहेत. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही बोल लावला नाही.

शेअर घेऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्ताचा सौदा मुंबईच्या बाजारात १९५७ पासून चालत आला आहे, आणि आमच्या व्यापारी घरांत त्या दिवशी एखादा शेअर घेणे शुभ मानतात. (२०२५ साली तो मुहूर्त दुपारी पावणेदोनला आला, वहीपूजन सायंकाळीच व्हावे म्हणणारे आमचे वडीलधारे त्यावर रुष्ट झाले, ते निराळे.) वायद्यांची गोष्ट वेगळी. २०२२ ते २०२४ ह्या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायद्यांत उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांस तोटा झाला, असे सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केले. शंभरांत सात उत्तीर्ण होणाऱ्या परीक्षेस आपण मुलाला शुल्क भरून बसविले नसते.

रात्री चिठ्ठी ठेवावयाचीच असेल, तर आपला भाव आकड्याने लिहावा. त्याहून महाग असेल तर माल मिळणार नाही, पण पैसा घरात राहील. चिठ्ठी बाजाराकडे जाण्यापूर्वी रद्दही करता येते. हे आम्हांस त्या रात्री ठाऊक नव्हते. ज्यांस ती कृती पाहावयाची असेल त्यांनी भोजनोत्तर मोबाईल घेऊन आमच्याकडे यावे. नातू बरोबर आला आहे.