पाण्यात बुडालेले इंजिन

पाण्याखाली गेलेल्या दुचाकीला लगेच किक मारणे, ही सर्वांत मोठी चूक असते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते अडकले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मुंबईत अँटॉप हिलच्या सखल वस्त्या, किंग्ज सर्कल, शीव येथे मुसळधार पावसात पाणी तुंबते. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला.

अशा पाण्यात बुडालेल्या दुचाकीच्या बॅटरीची जोडणी आधी काढावी. मग स्पार्क प्लग काढून किक हळूहळू दाबली, की सिलिंडरमधले पाणी बाहेर येते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. ते बदलून इंजिन थोडा वेळ चालवावे आणि पुन्हा बदलावे. एकदाच बदलणे सहसा पुरत नाही. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते, म्हणून टाकी आणि असल्यास कार्बोरेटर रिकामे करावेत. कागदी एअर फिल्टर नवाच घालावा.

होडीचे यंत्र समुद्रात बुडाले तर काम अधिक तातडीचे. बाहेर काढताच हवा लागून खारे भाग गंजू लागतात. यंत्र लगेच गोड्या पाण्याने धुवावे. दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर गोड्या पाण्यातच बुडवून ठेवावे.