संगणकाची कोठी



दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या मला म्हणाला, "काका, खेळ उघडेपर्यंत चहा होतो. आता नवा संगणकच घेऊ या." मी म्हटलं, "थांब. संगणक धडधाकट आहे, त्याची कोठी तेवढी जुनी झालीय."

कोठी म्हणजे ड्राइव्ह. तिच्या मुख्य जाती दोन. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि एक दांडी त्यांच्यावरून हवी ती माहिती शोधत हिंडते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही, सगळा कारभार चिपांवर. म्हणून हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट वाचते, तर साटा जातीची एसएसडी सुमारे साडेपाचशे. एनव्हीएमई जातीची एसएसडी तर काही हजार वाचते. पण खेळ उघडताना साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक पुष्कळदा जेमतेमच जाणवतो. खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क सोडताना.

जागेचाही हिशेब करा. २०२३ साली पूर्ण रूपात आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या एका खेळाला १५० गीगाबाइट जागा लागते, आणि एसएसडी असावी अशी अटच आहे. तेव्हा एक टेराबाइटची एसएसडी बरी. एनव्हीएमई घेण्यापूर्वी मदरबोर्डाची पुस्तिका पाहा, काही एम.२ खाचा फक्त साटाच घेतात. जुनी हार्ड डिस्क टाकू नका. रोजचे पीठ डब्यात, वर्षाचे धान्य कणगीत, तसे चालू खेळ एसएसडीवर आणि बाकीचा पसारा हार्ड डिस्कवर.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांमागे आमची एक डिस्क अचानक बंद पडली. खेळ दोन दिवसांत पुन्हा उतरवून घेतले. पण माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या त्याच डिस्कवर होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

कोणतीही ड्राइव्ह, स्वस्त असो की महाग, एक दिवस जाणारच. शेतकरी बियाणे वेगळे राखतो. गुरुजी, तुमच्या प्रश्नपत्रिका, घरचे फोटो, वडीलधाऱ्यांचे आवाज हे बियाणेच आहे. बाहेरून जोडायच्या डिस्कवर त्यांची प्रत करा, काम होताच ती डिस्क काढून ठेवा, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. नवी ड्राइव्ह घ्यायला निघालात, तर आधी एवढे करून मगच निघा.