ग्रामसभेत आपण कुठे बसतो?

(भोंगवली, ता. भोर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. तुमच्यापैकी बरेच जण शिरवळला, खेड शिवापूरला पाळीवर जातात. आपलं काम गावाबाहेर आहे, पण मत गावात आहे. घरात येणारं पाणी आणि दारासमोरचं गटारही गावाचंच आहे. म्हणून आज ग्रामसभेबद्दल बोलतो.

पाच वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आमच्या गावच्या ग्रामसभेला गेलो. कारण होतं कब्रस्तानाचं कुंपण. गावात आपली आठ-दहा घरं. आम्ही सहा जण गेलो, मागे उभे राहिलो, अर्ज दिला आणि निघालो. नंतर पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तेव्हा आम्ही टपरीवर चहा पीत होतो. गावातले एक काका संध्याकाळी म्हणाले, "तुम्ही पोरं तुमच्या कामापुरतीच येता, बाबा." राग आला. रात्री विचार केला तेव्हा पटलं, की ते खोटं बोलले नव्हते. त्या टाकीचं पाणी आमच्या मोहल्ल्यातही येतं.

ग्रामसभा कुणाच्या बोलावण्यावर चालत नाही. गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो. म्हणजे अठरा पूर्ण झाले आणि यादीत नाव आलं, की तुम्ही सभासद झालात. निवडणूक लढवायला मात्र एकवीस वर्षं लागतात. वर्षातून किमान चार सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पाच-पंचवीस माणसं गावाचं ठरवतात. काही ठिकाणी सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं, हेही आपण पाहतो. सही करणारे आपणच असतो.

तिथे ठरतं काय? गावचा विकास आराखडा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची होती. ही गरज कुणाची, हे सभेत हजर असलेली माणसं सांगतात. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पासवर्डशिवाय दिसतो. रील बघायला जेवढा डेटा लागतो, त्याहून कमी डेटात तो वाचून होतो.

गावाचा ठराव गावापुरताच राहतो असंही नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं आवाहन केलं.

आता एक अवघड गोष्ट. आपण थोडे आहोत. उठून बोललो तर "हे कशाला बोलतात" असं कुणीतरी म्हणेल, ही भीती मला माहीत आहे. मलाही वाटली होती. पुढच्या सभेत मी एवढंच विचारलं, की टाकीत टीसीएल पावडर किती दिवसांनी टाकतात आणि तिची नोंद कुठे आहे? क्षणभर शांतता झाली. मग तेच काका उठले आणि म्हणाले, "बरोबर विचारतोय पोरगा. नोंद दाखवा."

कुंपण अजून अर्धंच झालं आहे. पण यंदा आराखड्यात तो विषय घ्या असं म्हणणाऱ्यांत आम्ही एकटे नव्हतो.

तर तीन कामं करा. सभेची नोटीस लागली की विषयपत्रिकेचा फोटो काढून मित्रांना पाठवा. जाण्याआधी आराखडा वाचा आणि एकच प्रश्न तयार करा, सगळ्या गावाला लागू होईल असा. आणि तो प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला का, हे पाहूनच उठा. आमच्या धंद्यात जे लॉगमध्ये नाही, ते घडलंच नाही असं धरतात. ग्रामपंचायतीतही तसंच आहे. इतिवृत्ताची नक्कल नाही मिळाली, तर दहा रुपयांत माहितीचा अधिकार आहे.

बहिणींनो, ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. घरात नळाला पाणी किती वाजता येतं, हे अब्बांपेक्षा अम्मीला जास्त माहीत असतं. तिला सोबत घेऊन जा.

कब्रस्तानाचा अर्ज खिशात असू द्या. तो आपला हक्क आहे. पण अर्ज देऊन लगेच बाहेर पडू नका. पुढे जाऊन बसा आणि सभा संपेपर्यंत बसून राहा.