मूळ गावाचा नकाशा

मराठी माणसाच्या आडनावात पुष्कळदा एक गाव दडलेले असते. सोलापूरकर, निपाणीकर, नाशिककर अशी नावे कानी पडताच तो मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु तुंगभद्रा ओलांडून दक्षिणेस गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही सोय फार काळ टिकली नाही. म्हैसूरच्या मुलखात नावामागून आडनाव लावण्याची चाल नव्हती. तेथे आधी गावाचे आद्याक्षर, मग वडिलांचे आणि त्यानंतर स्वतःचे नाव, असा क्रम असे. थोर अभियंते विश्वेश्वरय्या यांचा जन्म चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. परंतु त्यांच्या नावाआधी येणारे 'मोक्षगुंडम' हे त्यांच्या पूर्वजांचे आंध्रातील गाव होय. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांच्या नावातील पहिले अक्षर देवनहळ्ळीचे. या रीतीला अनुसरून बेंगळुरूतील अनेक मराठी घरांतही जुने 'कर' गळून पडले, नावाच्या शेवटी 'राव' उरला आणि आरंभी एक अक्षर उरले. त्या अक्षराचा उलगडा आजोबांना ठाऊक होता, वडिलांना अंधुक आठवत होता. नातवाला मात्र ते केवळ एक अक्षर आहे.

ही कुटुंबे या भागात आली तीही एका वेळी किंवा एका कारणाने आली नाहीत. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडांचे बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा सारा टापू त्या जहागिरीत मोडत होता. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शहाजीराजांचे निधन झाले. त्यांची समाधी आजही तेथे आहे. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांकडे आणि त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. राज्य बदलले, तरी त्या राज्याबरोबर आलेली सगळी माणसे काही परत फिरली नाहीत. पुढे पेशव्यांच्या कर्नाटकातील स्वाऱ्यांबरोबर आणखी लोक आले. कोणी लेखणीवर आले, कोणी घोड्यावर, कोणी शिंप्याची सुई किंवा रंगाऱ्याची कढई घेऊन आले. यांतील बहुसंख्य लोक शहरात राहिले नाहीत. ते तालुक्याच्या गावी, होबळीत, तळ्याकाठच्या लहान खेड्यांत पांगले. म्हणून बेंगळुरूतील मराठी कुटुंबाचा इतिहास शोधू म्हणणाऱ्याला शहराची वेस ओलांडून खेड्याकडेच जावे लागते.

आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. घरात सांगितले जाणारे गाव आजच्या यादीत सापडत नाही. कधी ते दुसऱ्या गावात विलीन झालेले असते, कधी त्याच नावाची पाच गावे निघतात. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द, तसे तिकडे दोड्ड आणि चिक्क. घरच्या आठवणीत हे विशेषण गळलेले असते आणि शोध भलत्याच गावी जाऊन थांबतो. कधी लिपी घात करते. कन्नड नाव मोडीत उतरले, मोडीतून इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत आले, म्हणजे त्याचे रूप ओळखू येत नाही. जुन्या इंग्रजी नकाशांत होसकोटे हे 'ऊसकोट्टा' होते आणि नंदीदुर्ग हा 'नंदिद्रूग'. अशा वेळी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. कानाला जे ओळखता येते ते डोळ्याला येत नाही.

कधी गावच उठून गेलेले असते. दुष्काळ, पटकी, प्लेग, लढाईची धामधूम किंवा पाण्याचा तुटवडा यांपायी वस्ती मोडली आणि लोक शेजारच्या गावी गेले. महसुली भाषेत अशा गावाला 'बेचिराग' म्हणतात. चिराग म्हणजे दिवा. जेथे सांजवात लागत नाही ते बेचिराग. मराठीतला 'बेचिराख' हा शब्द यातूनच आला. मात्र दिवा विझला म्हणून गावाची शीव पुसली जात नाही. बेचिराग गावालाही दप्तरात नाव असते, हद्द असते, जमिनीचे अनुक्रमांक असतात. माणसांनी सोडलेले गाव कागदाने सोडलेले नसते. मूळ गाव हरवलेल्या कुटुंबाला जुन्या नकाशाचा आधार वाटतो तो यामुळे.

या प्रदेशाचे नकाशे तीन थरांत मिळतात. पहिला थर टिपूच्या पाडावानंतरचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि लगेच कॉलिन मॅकेन्झी यांच्याकडे म्हैसूरच्या पाहणीचे काम आले. पुढील दशकात त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी गावे, तळी, किल्ले, वाटा व घाट कागदावर मांडले. १८१५ मध्ये मॅकेन्झी हिंदुस्थानचे पहिले सर्व्हेअर जनरल झाले. त्यांच्या पदरी कावली घराण्यातील बंधूंसारखे विद्वान साहाय्यक होते. गावोगावच्या जाणत्या लोकांकडून त्यांनी कैफियती मिळविल्या; त्यांत मराठी कागदही आहेत. याच काळात, १८०० साली, विल्यम लॅम्बटन यांनी बंगळूरजवळ साखळीने आधाररेषा मोजली, आणि १८०२ मध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथून त्रिकोणमितीच्या महान मोजणीस आरंभ झाला. लॅम्बटनच्या रेषांत कोणाचे घर सापडणार नाही. परंतु पुढच्या नकाशांवरील अंतरे भरवशाची ठरली ती त्या रेषांमुळे.

दुसरा थर महसुली मोजणीचा, आणि कुटुंबाच्या शोधात सर्वांत मोलाचा. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी व आकारणी केली, तीच मुंबई इलाख्याची पद्धत ठरली. १८६३ पासून म्हैसूर संस्थानानेही हीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरात जे शब्द चालतात, त्यांतील कितीतरी बेंगळुरूच्या आसपासही चालतात. आकारबंद, टिपण, खराबा, एकर आणि गुंठा हे शब्द मराठी शोधकाला तेथे परके वाटत नाहीत. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे माप दोन्हीकडे एकच.

तिसरा थर सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या नकाशांचा. त्यांवर देऊळ, विहीर, पायवाट, तळ्याचा बांध, पडका गढीवजा किल्ला अशा खुणा दाखविलेल्या असतात. स्वातंत्र्यानंतर त्यांची जागा दशमान पद्धतीच्या नकाशांनी घेतली.

समजा, बेंगळुरूतील एखाद्या घरात एवढेच ठाऊक आहे की, पूर्वज होसकोट्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरील गावी हिशेबाचे काम करीत, गावाला मोठे तळे होते आणि तळ्याच्या बांधावर देवीचे देऊळ होते. गावाचे नाव अर्धवट आठवते. शोधकाने आजच्या नकाशापासून आरंभ करून मागे मागे जावे. अर्ध्या दिवसाची वाट म्हणजे बैलगाडीने सात-आठ मैल. होसकोटे मध्यबिंदू धरून तेवढ्या अंतराचे वर्तुळ काढावे, आणि त्यात तळे व देऊळ एकत्र असलेली ठिकाणे एक इंची नकाशावर पाहावीत. दहा-बारा ठिकाणांतून दोन-तीन उरतील. मग त्या गावांचे महसुली नकाशे काढावेत. गावनकाशा बहुधा आठ इंचांस एक मैल या प्रमाणाचा असतो. त्यात प्रत्येक शेताचा सर्व्हे नंबर दिसतो. तो नंबर घेऊन आकारबंद पाहावा. जमिनीचे क्षेत्र, आकार आणि ती सरकारी की इनामी हे तेथे कळते. शेवटी खातेदारांची नावे ज्या नोंदवहीत असतील ती पाहावी. नकाशा 'कोठे' हे सांगतो, 'कोण' हे सांगत नाही. कोण ते वहीने सांगावयाचे असते. या दोहोंची सांगड पडली म्हणजेच पुरावा पुरा होतो. त्यातले एकच हाती असेल तर तो केवळ तर्क.

सुदैवाने हे दप्तर आता पूर्वीइतके दुर्गम राहिलेले नाही. कर्नाटकाने गावनकाशे संगणकावर पाहण्याची सोय केली आहे. बेंगळुरूतील राज्य पुरालेखागारात म्हैसूर संस्थानचे जुने कागद आहेत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जुन्या नकाशांचा मोठा संग्रह आहे. घरातील मोडी कागद ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांनी ते टाकून देऊ नयेत. ज्या चिठोऱ्यावर केवळ शेताच्या चार सीमा लिहिलेल्या असतात, तोच नकाशापुढे ठेवला असता बोलू लागतो. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस देवस्थानची जमीन, उत्तरेस तळ्याचा बांध, एवढ्यावरून शेताची जागा निश्चित करता येते.

तथापि नकाशा कोणासाठी काढला गेला, याचा विसर पडता कामा नये. मॅकेन्झींचा नकाशा राज्यकर्त्यांना मुलूख कळावा म्हणून होता. महसुली नकाशा सारा बसविण्यासाठी होता. ज्याच्याकडून सारा यावयाचा त्याचे नाव लागले. ज्याला जमीन नव्हती त्याचे लागले नाही. मजूर, कुळे, बलुतेदारांपैकी कित्येक आणि जवळपास सर्व स्त्रिया या दप्तराबाहेर राहिल्या. ज्या घरातील आजीने गावाचे नाव पिढ्यानपिढ्या जपले, तिचे स्वतःचे नाव मात्र त्या गावच्या वहीत नसते. अशा कुटुंबांनी नकाशापाशी थांबू नये. देवळातील वर्षासनाच्या याद्या, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकात घरोघर वंशावळ सांगत फिरणारे हेळवी यांच्याकडे वळावे. हेळव्याच्या तोंडी गावांची जी साखळी येते ती नकाशावर एकेक टिंब मांडून पाहिली, म्हणजे कुटुंबाची वाटचाल एखाद्या नदीसारखी दिसू लागते.

आणखी एक सावधगिरी. मूळ गाव शोधणाऱ्याला बहुधा सरदार पूर्वज हवा असतो. दप्तर मात्र पुष्कळदा साधा शानभोग, शिलेदार किंवा पाच एकरांचा इनामदार दाखविते. ते मनापासून स्वीकारावे. जुना नकाशा हाती आला म्हणून जुन्या जमिनीवर हक्कही येत नाही. मुंबई राज्यात १९५० साली कुलकर्णी वतने आणि १९५२ साली वैयक्तिक इनामे कायद्याने संपली. म्हैसूर राज्याने वैयक्तिक इनामे रद्द करण्याचा कायदा १९५४ मध्ये केला. आज ती शेते जे कसतात, त्यांच्या बांधावर जाणाऱ्याने पाहुण्यासारखे जावे, वारसदारासारखे नव्हे. हेतू स्वच्छ असेल तर गावही मोकळेपणाने बोलते.

बेंगळुरूच्या बाबतीत या कामाला उशीर परवडणारा नाही. शहराचे मुख्य बसस्थानक जेथे आहे तेथे एके काळी धर्मांबुधी तळे होते; कंठीरव क्रीडांगण संपंगी तळ्याच्या जागी उभे आहे. आगर, दोम्मलूर, बाणसवाडी ही शिवारे असलेली खेडी होती; आता ती शहराच्या वस्त्यांची नावे झाली आहेत. नंतर नव्या वसाहतींना नवी नावे मिळाली, की जुने नाव सरकारी कागदात तेवढे उरते. ओढा बुजला, बांध सपाट झाला, देवळाभोवती चौमजली घरे उठली, म्हणजे घरच्या आठवणीतील खुणा जमिनीवर पडताळून पाहता येत नाहीत.

म्हणून शोधाची खरी सुरुवात कचेरीत होत नाही. गावनकाशाची एक प्रत घेऊन ती घरातील किंवा गावातील सर्वांत वृद्ध माणसापुढे पसरावी. 'मूळ गाव कोणते?' असे विचारले तर उत्तर एका शब्दात येते. तळ्यावर बोट ठेवून 'येथून देऊळ कोणत्या बाजूला होते?' असे विचारले, तर वाट, विहीर, आमराई, शेजारी आणि त्या शेजाऱ्याशी झालेले भांडण, सारे एकामागून एक बाहेर येते. ते त्याच वेळी, त्याच प्रतीच्या मागे, तारखेसह लिहून ठेवावे. सरकारी नकाशा पुन्हा मिळेल. त्यामागे लिहिलेला हा मजकूर पुन्हा कोणत्याही दप्तरात मिळावयाचा नाही.